गुपित, गाव आणि समुपदेशक : जंगल जिल्ह्यांतील मानसशास्त्रीय व्यवसायाचे नैतिक पेच

मानसशास्त्रज्ञाच्या व्यवसायाची सारी मदार विश्वासावर असते. समोर बसलेल्या माणसाने जे घरातही कुणाला सांगितले नाही ते येथे सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते आपल्यापाशीच ठेवावे, हा त्यातला मूळ करार. या कराराला लेखी रूप देण्याची सुरुवात विसाव्या शतकाच्या मध्यास झाली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आपली पहिली आचारसंहिता १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या तेविसाव्या कलमाने गोपनीयतेला रुग्णाच्या हक्काचा दर्जा दिला आणि हा कायदा मे २०१८ पासून अमलात आला. कागदावर व्यवस्था चोख आहे. मात्र ती रचताना डोळ्यांसमोर शहर होते. तेथे सल्ला घेणारा आणि देणारा एकमेकांना परके असतात, खोलीचे दार लागते, दोघांची भाषा एक असते आणि पटले नाही तर पुढच्या चौकात दुसरा तज्ज्ञ भेटतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगल जिल्ह्यांत यांतील एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळ सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटर, त्याचा बहुतांश भाग जंगलाखाली. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आत आणि त्यात अनुसूचित जमातींचा वाटा ३८ टक्क्यांहून अधिक. राज्यात विशेष असुरक्षित ठरवलेल्या तीन जमातींपैकी माडिया गोंड प्रामुख्याने गडचिरोलीच्या दक्षिण भागात, तर कोलाम चंद्रपूरच्या जिवती-कोरपना परिसरातही राहतात. माडिया, गोंडी आणि कोलामी या तिन्ही भाषा द्राविड कुळातल्या. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. भामरागडच्या रुग्णाला नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायचे तर तीनशे किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तोही मार्ग बंद.

दार नसलेली खोली

गावात मानसिक आरोग्याचे शिबिर भरते तेव्हा कोण आले, किती वेळ बसले आणि बाहेर पडताना डोळे पुसत होते काय, हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. रुग्णाला बोलावून आणणारी आशा कार्यकर्ती ही बहुधा त्याच्याच गोतातली असते. तालुक्याच्या गावी राहणारा समुपदेशक ज्याच्या घरी भाड्याने राहतो, ज्याच्याकडून किराणा घेतो, त्याच्याच मुलाची चिंता त्याच्यापुढे येते. आचारसंहितेत यास दुहेरी संबंध म्हणतात आणि ते टाळावेत असा सर्वसाधारण दंडक आहे. तो अक्षरशः पाळायचा तर अशा समुपदेशकाला एकही रुग्ण पाहता येणार नाही. अमेरिकेच्या २००२ च्या संहितेने या बाबतीत थोडे शहाणपण दाखवले. प्रत्येक दुहेरी संबंध अनैतिक नसतो. ज्याने तज्ज्ञाचा निर्णय डळमळेल किंवा सल्ला घेणाऱ्याचे नुकसान वा शोषण होईल तोच टाळायचा, असे तीत स्पष्ट केलेले आहे. तरीही कोणता संबंध कोणत्या दिवशी नुकसानकारक ठरेल, हे आधी ओळखणे कठीणच.

खेड्यात सारेच उघड असते, त्यामुळे तेथील माणसाला गोपनीयतेची फारशी मातब्बरी नसते, असा एक समज शहरात आढळतो. तो चुकीचा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. विषय शरीराच्या आजाराचा असला तरी त्यातून दिसणारी गोष्ट मानसशास्त्रालाही लागू पडते. जेथे घराला कुंपण नाही तेथेही माणसे वर्षानुवर्षे मूकपणे दुखणे वागवतात. उलट चार भिंती नसल्यामुळेच गुपित राखण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे न बोलणे. असा माणूस एकदा बोलला आणि ते फुटले, तर तो दुसऱ्यांदा बोलत नाही. त्याचे पाहून गावही बोलेनासे होते.

व्यसनी की आरोपी?

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती उठवण्याचा निर्णय घेतला. म्हणजे वैनगंगेच्या एका तीरावर जे दुकानातून उघड विकत मिळते तेच दुसऱ्या तीरावर गुन्हा ठरते. दुसरीकडे २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश केला. परिणामी गडचिरोलीतील मद्यासक्त माणूस एका कायद्याच्या नजरेत आरोपी आणि दुसऱ्याच्या नजरेत गोपनीयतेचा हक्क असलेला रुग्ण ठरतो.

उपचारासाठी आलेल्या माणसाला तो किती पितो, केव्हा पितो आणि कोठून आणतो हे विचारावेच लागते. त्याशिवाय पुन्हा दारूकडे वळण्याचे धोके ओळखता येत नाहीत. ‘कोठून’ या प्रश्नाचे उत्तर मात्र विक्रेत्याच्या घरापर्यंत जाते. ज्या गावात स्त्रियांनी एकजुटीने दारू बंद केली, तेथे समुपदेशकाबद्दल त्यांची अपेक्षा स्वाभाविक असते : तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा, आमची लेकरे वाचतील. ही मागणी अन्यायाची म्हणता येत नाही. शासन, ‘सर्च’ आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या जिल्हाव्यापी उपक्रमात गावसंघटनांचे दारूविरोधी काम आणि व्यसनी रुग्णांसाठी तालुका पातळीवरील उपचार या दोन्ही बाजू आहेत. सामाजिक दृष्टीने हा मेळ उचितच आहे. मात्र असा मेळ असेल तेथे उपचाराच्या खोलीतली माहिती गावसभेच्या अंगणात जाणार नाही, ही भिंत अधिक काळजीने राखावी लागते. पिणारा माणूस खोलीत शिरताना पहिला विचार तोच करतो.

करणीचा संशय आणि जीविताचा धोका

गोपनीयतेला अपवाद असावा काय, या प्रश्नाची जगभर उद्धृत होणारी कहाणी एका भारतीय तरुणाशी जोडलेली आहे, हे फारसे ठाऊक नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे शिकणाऱ्या प्रसेनजित पोद्दार याने १९६९ मध्ये आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितले की, तो एका तरुणीला ठार मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले, तो शुद्धीवर दिसला म्हणून सोडूनही दिले. त्या तरुणीला मात्र कोणीच सावध केले नाही आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिची हत्या झाली. तिचे नाव तातियाना तारासॉफ. तिच्या आईवडिलांनी केलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये असा निर्णय दिला की, सल्ला घेणाऱ्याकडून कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हाच पेच वेगळ्या वेशात येतो. समजा, लागोपाठ दोन मुले दगावलेला बाप झोप येत नाही म्हणून आला. बोलता बोलता तो सांगतो, की शेजारच्या म्हातारीने करणी केली आणि आता तिचा निकाल लावायचा. ही नुसती दुःखातली बडबड आहे काय? ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध आणि स्त्रियांसह सात जणांना भर चौकात बांधून बेदम मारहाण झाली होती. तो प्रसंग ठाऊक असलेल्या समुपदेशकाला असे वाक्य कानाआड करता येत नाही.

येथे रोगनिदानाची एक अडचण आहे. जी समजूत माणसाच्या समाजात सर्रास मानली जाते, तिला केवळ तेवढ्यावरून भ्रम म्हणू नये, हा मनोविकारशास्त्रातला मान्य संकेत. तो न्याय्यही आहे, अन्यथा एका संस्कृतीने दुसरीला वेडे ठरवणे सोपे होईल. या कसोटीवर करणीवरचा विश्वास हा आजार ठरत नाही. मात्र आजार नाही म्हणून धोका नाही, असे मुळीच नाही. ज्या समजुतीला साऱ्या गावाची साथ आहे ती एकट्याच्या भ्रमाहून अधिक घातक ठरू शकते.

कायद्याचे तेविसावे कलम दुसऱ्या व्यक्तीला हानी वा हिंसेपासून वाचवण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती उघड करण्याची मुभा देते. प्रश्न उरतो तो कोणाला सांगायचे हा. पोलीस पाटील बहुधा त्याच गावचा आणि कदाचित त्याच समजुतीचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे; पण ठाण्यातून गाडी गावात आली, चौकशी झाली, की ‘हिच्यामुळेच पोलीस आले’ असा नवा आळ त्या म्हातारीवरच येण्याची भीती असते. न सांगावे तर तिचा जीव धोक्यात, आणि सांगावे तर एका शोकाकुल बापाचा विश्वास मोडतो. शिवाय पुढच्या खेपेला असा बेत कुणी बोलूनच दाखवत नाही. तारासॉफ प्रकरणातील न्यायाधीशांपुढेही हा शेवटचा युक्तिवाद झाला होता आणि तो त्यांनी मान्य केला नव्हता. जीव जाण्याचा प्रसंग असेल तर त्यांचेच म्हणणे रास्त वाटते. परंतु ‘रक्षणाची वाजवी पावले’ म्हणजे दरवेळी पोलिसांची गाडीच, असे नव्हे. त्या बापाशी सलग काही दिवस संपर्क ठेवणे, मुले कशाने दगावली हे डॉक्टरांकडून त्याला त्याच्या भाषेत समजावणे, त्याच्याच संमतीने घरातील एखाद्या विचारी वडीलधाऱ्यास बोलावणे, ज्या पुजाऱ्याच्या शब्दाला वजन आहे त्याची साथ मिळवणे, म्हातारीला काही काळ लेकीच्या गावी पाठवण्याची व्यवस्था करणे, हीही रक्षणाचीच पावले आहेत. त्यांना वेळ लागतो, आणि वेळ किती उरला आहे हे कोणत्याच चाचणीतून कळत नाही.

पुजाऱ्याची साथ घ्यावी काय, यावरही मतभेद आहेत. विज्ञाननिष्ठ तज्ज्ञाने मांत्रिकाशी हातमिळवणी करणे काहींना व्यवसायद्रोह वाटतो. ‘सर्च’ने शोधग्रामातील रुग्णालय आदिवासींना विचारून उभारले, त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले आणि त्याची रचनाही गावासारखी ठेवली, हा दाखला या संदर्भात आठवतो. देवीच्या नावाने औषध बदलले नाही. बदलली ती दवाखान्याची पायरी चढण्याची भीती.

आश्रमशाळेतील मुलगी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पोक्सो’ कायदा नोव्हेंबर २०१२ मध्ये लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलामुलींबाबत असा अपराध घडल्याचे समजलेल्या कोणाही व्यक्तीने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. समुपदेशकाला यातून सूट नाही. ही सक्ती का आवश्यक आहे, हे चंद्रपूर जिल्ह्याने २०१९ मध्ये पाहिले. राजुरा येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील लैंगिक अत्याचारांचे प्रकरण तेव्हा उघडकीस आले. घरापासून दूर, अधीक्षकांच्या ताब्यात राहणाऱ्या लहान मुलींच्या बाबतीत ‘गोपनीयता’ हा शब्द अत्याचाऱ्याचीच ढाल बनू शकतो. तेथे दुमत असण्याचे कारण नाही.

पेच पडतो तो सतरा वर्षांच्या मुलीपाशी. तिचे गावातील एकोणीस वर्षांच्या मुलावर प्रेम आहे, दोघांचे संबंध आले आहेत, घरच्यांना ते ठाऊक आहे आणि पुढे लग्नही ठरेल. माडियांत तरुण-तरुणींनी परस्परांच्या पसंतीने जोडीदार निवडण्याची रीत जुनी आहे. (बस्तरच्या मुरियांवरील लिखाण वाचून तयार झालेली गोटुलची रंगतदार चित्रे सरसकट माडियांवर चिकटवण्याची हौस मात्र शहरी अभ्यासकांनी सोडलेली बरी.) कायद्याच्या दृष्टीने तिची संमती शून्य आहे. ती परीक्षेच्या भीतीसाठी आली होती; बोलता बोलता हे निघाले, की ऐकणाऱ्यावर तक्रार नोंदवण्याचे बंधन येते आणि तो मुलगा तुरुंगात जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात या कोंडीची अंशतः दखल घेतली. संमतीच्या संबंधांतून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली, तर तिने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोक्सोखालील माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. ही सवलत नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांपुरती आहे. ज्या समुपदेशकापाशी मुलगी गर्भ राहण्याच्या कितीतरी आधी बोलली असती, त्याच्यापाशी हा आडोसा नाही.

व्यवसायातील सर्वमान्य उपाय असा की, पहिल्या भेटीतच मर्यादा सांगाव्यात : अमुक गोष्टी मी कुणाला सांगणार नाही, तमुक मात्र मला सांगाव्याच लागतील. प्रामाणिकपणाच्या दृष्टीने याला पर्याय नाही. पण हे ऐकून जी मुलगी गप्प होते, ती प्रेमात पडलेली सतरा वर्षांची आहे की अत्याचार सोसणारी बारा वर्षांची, हे त्या गप्पपणावरून ओळखता येत नाही.

दुभाषा आणि बुद्ध्यंक

माडियाभाषक रुग्णाशी बोलताना दुभाषा लागतो. बहुतेक वेळा तो नवरा, दीर, शाळेत जाणारा मुलगा किंवा दवाखान्यातला शिपाई असतो. नवऱ्याच्या माराने खचलेल्या बाईचे म्हणणे नवऱ्याच्याच तोंडून मराठीत ऐकायचे, यात संमती आणि गोपनीयता या दोन्ही तत्त्वांचा एकाच वेळी निकाल लागतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला आईचे आत्महत्येचे विचार भाषांतरित करायला लावणे, हे तर त्या मुलावरच केलेले ओझे आहे. समुपदेशकाने स्वतः भाषा शिकणे किंवा स्थानिक युवतींना गोपनीयतेच्या शपथेसह दुभाषा म्हणून तयार करणे एवढेच मार्ग येथे उरतात.

बुद्धिमापनाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वापरली गेलेली बिने-कामत चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी प्रमाणित केली होती. मुलांसाठीची दुसरी परिचित चाचणी, मालिन यांची, तिचे जनक डॉ. आर्थर मालिन यांचे कार्यक्षेत्र नागपूर. दोन्हींची उपयुक्तता निर्विवाद आहे. पण घरी केवळ माडिया बोलणाऱ्या मुलाचे मोजमाप त्यांनी केले तर मोजली जाते ती बुद्धी की मराठीचा सराव? गुणांक कमी येतो आणि ‘बौद्धिक अक्षमता’ असा शिक्का तयार होतो.

गंमत अशी की, तो शिक्का कुटुंबाला हवाही असतो. अपंगत्वाचे प्रमाण चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर शासकीय लाभांची दारे उघडतात आणि ज्या घरात रोख पैसा तेंदूपत्त्याच्या हंगामातच दिसतो, तेथे दरमहाची मदत क्षुल्लक नसते. खरे लिहावे तर मदत बुडते. सैल हाताने लिहावे तर धडधाकट मुलगा आयुष्यभर मंदबुद्धी म्हणून नोंदला जातो आणि शाळाही त्याच्याकडे पाठ फिरवते. दयेपोटी दिलेले खोटे प्रमाणपत्र हेही खोटेच असते. फक्त ते नाकारताना त्या घराची चूल समोर दिसत असते.

गणवेशाच्या सावलीत

गडचिरोली पोलिसांचे सी-६० पथक १९९० मध्ये स्थापन झाले. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस आणि वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. दुसऱ्या बाजूस २००५ पासून राज्याची आत्मसमर्पण योजना चालू आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जवान आणि शरणागत या दोघांनाही मानसशास्त्रीय मदतीची गरज आहे, आणि दोघांपुढेही मदत देणाऱ्याबद्दल शंका उभी राहू शकते. रात्री दचकून उठणाऱ्या जवानाला वाटते, हे कळले तर बढती अडेल. शरणागत तरुणाला वाटते, ही विचारपूस आहे की चौकशी? अमेरिकेत ग्वांटानामोच्या कैद्यांच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या सहभागावरून वादळ उठले आणि २०१५ मध्ये तेथील संघटनेला राष्ट्रीय सुरक्षेच्या अशा चौकशांत सहभागी होण्यास सदस्यांना मनाई करावी लागली. पगार कोण देतो आणि निष्ठा कोणाशी, हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगणे एवढी खबरदारी तरी येथे घेता येते.

या साऱ्यात चूक झालीच तर दाद मागायची कोठे? चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध तक्रारीला जागा आहे. गावपातळीवर प्रत्यक्ष काम करणारे बहुसंख्य लोक मात्र समुपदेशक किंवा प्रशिक्षित कार्यकर्ते असतात. समुपदेशकांना नियमांच्या कक्षेत आणणारा राष्ट्रीय कायदा २०२१ मध्ये संमत झाला. त्यातील नोंदणी राज्य परिषदांमार्फत व्हायची आहे. २०१७ च्या कायद्यानेही सेवेतील त्रुटींबद्दल तक्रारीचा हक्क दिला आहे. ज्या माडिया बाईचे गुपित दुभाष्याकडून गावभर झाले, तिला ही तक्रार मांडायची तर आधी एक दुभाषा शोधावा लागेल.